दुसऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग

रविवार, संध्याकाळ
वसतिगृह, खालचा पलंग

अहो,

नमस्कार वगैरे काही लिहीत नाही, कारण आपला अबोला चालू आहे आणि तो मोडायची मला अजिबात घाई नाही. पत्र मात्र चालतं. लग्नानंतरच्या पहिल्याच अबोल्यात तुम्ही चहाच्या डब्याखाली 'साखर संपली' अशी चिठ्ठी ठेवली होतीत, आणि समेट झाल्यावर वकिलासारखं मला समजावलं होतंत की लिहिलं म्हणजे बोललं असं होत नाही. तो नियम तुमचा, मी फक्त पाळतेय. लिहून झालं की कागदाचा फोटो लेकीला पाठवेन, ती तुम्हाला दाखवेल. तिनं मधलं काही गाळलं असा संशय आला तर मला कळवा. लेखीच.

तर पोचले. सॅकसकट पोचले. लेकीची ती डोंगर चढायची सॅक पाठीवर घेतली की मी मागून सॅक दिसते आणि पुढून मी दिसते, बाजूनं काय दिसतं ते विचारू नका. विमानतळाच्या दारात मागं वळताना एका साहेबांचा चष्मा माझ्या सॅकनं उडवला. मी माफी मागायला वळले तर दुसऱ्याची टोपी गेली. शेवटी मी वळणंच बंद केलं आणि सरळ चालत सुटले.

वसतिगृहात आठ जणींची खोली आहे. बाकीच्या सातांपैकी कुठल्याही तिघींची वयं मिळवली तर माझं वय भरेल. मला वरचा पलंग आला होता. मी शिडीकडे बघितलं, शिडीनं माझ्याकडे बघितलं. खालच्या पलंगावरच्या मुलीनं आपली उशी उचलली आणि वर चढून गेली. तिच्याशी मी मराठीत गप्पा मारते, ती तिच्या भाषेत. अजून तरी आमचं कशावरून भांडण झालेलं नाही. तुमच्या-माझ्यात भाषा एक असून काय दिवे लागलेत ते दिसतंच आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवसापासून आपलं ठरलं होतं की पाठीवर सॅक टाकायची, मिळेल त्या गाडीनं जायचं, स्वस्तातली खोली घ्यायची आणि एक परका देश पाहून यायचा. दोघांनी. तुम्ही तिकिटं येईपर्यंत 'हो हो' करत होतात. मग लेकीनं नकाशा उलगडून दाखवला, आणि या देशात लांबचा प्रवास म्हणजे रात्रीची बस, हे तुमच्या लक्षात आलं. झालं. "दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना मी रात्रीचा गाडीत बसणार नाही." आयुष्यभर रात्रीची बस चालवलेला माणूस हे म्हणतो! लेकीनं विचारलं, बाबा, मग विमानाचं काय, तर म्हणालात, "विमानाचं मला काही कळत नाही, म्हणून ते ठीक आहे." यावर मी जे बोलले ते बोलले, आणि तेव्हापासून आपण बोलत नाही.

निघताना मात्र तुम्ही स्कूटरवरून सॅक आणि मला स्टँडपर्यंत सोडलंत. माझ्याशी बोलता येत नव्हतं, म्हणून सॅकच्या पट्ट्यावर हात ठेवून सॅकला म्हणालात, "जपून जा म्हणावं." सॅकनं निरोप पोचवला.

समुद्राकाठच्या गावात शुक्रवारपासून आपल्या दोघांची खोली आहे. लेकीनं तुमचं तिकीट रद्द केलेलं नाही, पुढं ढकललंय. बुधवारी रात्री विमान आहे. ते इथं या शहरात उतरतं, आणि इथून समुद्राला जायला रात्रीची बस. दुसरी वाट नाही, मी चौकशी केली.

नाही आलात तर मी आकांडतांडव करणार नाही. पण एक गोष्ट तुमच्या कानावर घालून ठेवते. आज मी एकटीनं गाव पाहिलं, रस्ता चुकले, सापडले, पुलावर बसून बिस्किटं खाल्ली, आणि मला मजा आली. मला काळजी याचीच वाटते. अशी दोन-चारदा मजा आली की सवय लागेल. मग उरलेलं आयुष्य तुम्ही फाटकापाशी खुर्ची टाकून बसाल आणि मी नकाशा घेऊन हिंडेन, आणि दोघांचंही काही अडणार नाही. मला ते नको आहे. तुमच्यावाचून माझं अडायला हवं आहे मला.

खोलीतल्या मुली झोपल्यात. पाळणाघर बंद केलं तरी माझी सवय जात नाही, मघाशी उठून सगळ्यांची पांघरुणं सारखी करून आले.

तुमची,
अबोला धरलेली


सोमवार, दुपार
बसस्थानक, बाक

अहो,

लेकीचा निरोप आला. तुम्ही पत्र वाचलंत, चष्मा पुसलात, पुन्हा वाचलंत, आणि "हं" म्हणालात. एवढ्या लांब पत्राला एक "हं"! मी तो जपून ठेवलाय.

आज रात्री माझी बस आहे. खिडकीतल्या बाईंना मी खुणेनं सांगितलं की मला सगळ्यात पुढची सीट पाहिजे. त्यांनी नकार दिला. मग मी हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं, गिअर टाकला, आणि छातीवर हात ठेवून गळ्यातलं मंगळसूत्र दाखवलं. 'माझा नवरा ड्रायव्हर आहे' असं मला म्हणायचं होतं. त्यांना काय कळलं देव जाणे, बहुधा मीच गाडी चालवायला मागतेय असं वाटलं असावं. पण सीट दिली.

बस लागलेली आहे. उंच आहे, निळी आहे, काचेला तडा नाही. मी तिला एक फेरी मारून आले. टायर पायानं दाबून पाहिले, तुम्ही पाहता तसे. मागच्या डाव्याची नक्षी झिजलीय, पण अजून चालेल. पुढच्या काचेचे वायपर नवे आहेत. खाली वाकून तेल गळतंय का तेही पाहिलं. उठले तर समोर इथला ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून उभा. जाड मिशा, ढेरी, तुमच्यापेक्षा थोडा लहान. मी त्याला मान डोलावून सांगितलं की ठीक आहे, न्या गाडी. त्यानं मला सलाम ठोकला.

तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी तुमच्या रात्रीच्या बसमध्ये एकदाही बसले नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? सकाळी लोक लेकरं आणून सोडायचे, मी कुठून येणार? आज पहिल्यांदाच रात्रीच्या बसमध्ये बसतेय, आणि तीही परक्याच्या. जरा कसंतरीच वाटतंय.


सोमवार, रात्र
बसमध्ये. अक्षर असं का आलंय ते कळेलच

अहो,

मधल्या थांब्यावर गाडी उभी आहे तेवढ्यात लिहून घेते. चालू गाडीत दोन ओळी लिहून पाहिल्या, तर त्या शेजारच्याच्या बाहीवर गेल्या.

तुम्ही लोक मागं काय चाललेलं असतं ते कधी पाहतच नाही. आता माझ्याकडून ऐका.

माझी सीट मागं झुकते, पण परत वर येत नाही. एकदा झुकवली आणि दवाखान्यात दात काढायला झोपवतात तशी मी आडवी झाले. तेवढ्यात मागून दोन गुडघे आले. मागं एक ताडमाड माणूस बसलाय, त्याचं नाव मी 'गुडघे' ठेवलंय. मी मागं सरकले की गुडघे मला पुढं ढकलतात. त्या माणसाचा काही दोष नाही, त्याला ते ठेवायला दुसरी जागाच नाही. घाटातल्या प्रत्येक वळणाला तो मागून काहीतरी पुटपुटतो, बहुधा माफी मागत असावा. मीही दर वळणाला "असू दे, असू दे" म्हणते.

शेजारी एक गृहस्थ आहेत, मांडीवर कुंडी घेऊन. मोठी कुंडी. कुणाला तरी भेट न्यायची असावी. झाडाची पानं माझ्या कानात. मी मान हलवली की पान कानात, नाही हलवली तर नाकात. गृहस्थ झोपले आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, मग कुंडी कलंडू नये म्हणून तीही मीच धरली. आता मी एका परक्या पुरुषाला खांद्यावर झोपवून त्याचं झाड सांभाळतेय. लेकीनं हे वाचताना हसू आवरावं. तुम्ही हसलात तरी चालेल.

वरच्या हवेच्या भोकातून थेंब पडतो. नेमका माझ्या भांगात. भोक बंद केलं तर गरम होतं, उघडलं तर आंघोळ. पडद्यावर सिनेमा लावलाय, त्यात कुणीतरी कुणाला तरी सारखं मारतंय. संडासाबद्दल लिहीत नाही, तुम्ही जेवायच्या वेळेला हे वाचत असलात तर पंचाईत.

आणि एवढं सगळं असून, अहो, मला मजा येतेय! मागं तान्हं बाळ रडत होतं. आई बिचारी रडकुंडीला आलेली. सगळे चुळबुळत होते. मी कुंडी गृहस्थांच्या मांडीवर परत दिली, उठले आणि दोन्ही हात पुढं केले. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि दिलं बाळ. मी खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं, ते आपलं 'हूं हूं' सुरू केलं, ज्याला तुम्ही माझं इंजिन म्हणता. गाडी हलत होती त्या तालावर हललं की झालं, वेगळी मेहनत नाही. चार वळणं व्हायच्या आत गडी गारद. मागच्या दोन बाया पण झोपल्या. गुडघेही झोपले.

एक मीच जागी होते. पुढची काच आहे समोर, आणि गाडी चालली की रस्ता नुसता अंगावर येतो. झोप लागतच नाही.

चहाची वेळ संपली वाटतं, त्या टॉर्चवाल्या बाई सगळ्यांना आत हाकलतायत. या गाडीच्या कंडक्टर आहेत त्या, धिप्पाड आहेत, त्यांच्यापुढं कुणाची टाप नाही.


मंगळवार, सकाळ
समुद्राचं गाव, वसतिगृहाचं अंगण

अहो,

पोचले. हातपाय धड आहेत, मानेचं सांगत नाही. आता जे लिहितेय ते खुर्चीत नीट बसून वाचा, आणि लेकीला म्हणावं, हे तू मोठ्यानं वाचू नकोस.

थांब्यानंतर कधीतरी माझा डोळा लागला. किती वेळ ते ठाऊक नाही. खड्डा आला म्हणून जाग आली. गाडी सुसाट चाललेली. मी डोळे उघडून पुढं पाहिलं. उजवीकडे, काचेपाशी, गणवेशातला ड्रायव्हर हनुवटी छातीला लावून गाढ झोपलेला! तोंड उघडं. दोन्ही हात मांडीवर.

कुंडी कुठं गेली, सॅक कुठं गेली, मला काही शुद्ध नव्हती. मी उडी मारली, त्या माणसाचे दोन्ही खांदे धरले, गदागदा हलवले आणि जीव खाऊन ओरडले, "अहो! अहो, उठा! गाडी चाललीय! अहो!"

तो माणूस असा काही किंचाळला की संपूर्ण बस उठली. बाळ उठलं. कुंडीवाले गृहस्थ उभे राहिले आणि कुंडी गुडघ्यांच्या मांडीवर जाऊन पडली. टॉर्चवाल्या बाईंनी माझ्या तोंडावर झोत मारला. आणि गाडी शांतपणे, अगदी सावकाश, रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

मी म्हटलं, ही थांबवली कुणी?

डावीकडे पाहिलं. तिकडे मिशांचे ड्रायव्हरसाहेब स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. या देशात ड्रायव्हर डावीकडे बसतो, हो! दिवसभर मला ते दिसत होतं, ठाऊक होतं, त्याच बाजूनं मी टायर दाबून आले होते. पण झोपेतून उठल्यावर माझे डोळे गेले ते आपल्या नेहमीच्या जागेवर. उजवीकडे दुसऱ्या ड्रायव्हरची बसायची जागा होती, आणि तो बिचारा आपली पाळी यायच्या आधी हक्काची झोप काढत होता.

सगळी बस माझ्याकडे बघतेय. आता यांना सांगू तरी कसं? मी पुन्हा हवेत स्टिअरिंग फिरवलं, मंगळसूत्र दाखवलं, उजवीकडे बोट केलं, डोळे मिटून मान टाकली, छातीवर हात मारला. मिशांच्या साहेबांना एकदम उमगलं. ते हसायला लागले. पोट धरून, स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसले. त्यांनी मागं वळून सगळ्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण अख्खी गाडी खदखदायला लागली. ज्याला मी हलवला होता तोही, एक हात छातीवर ठेवून. गाडी चांगला वेळ तशीच उभी होती, कारण साहेबांना समोरचं दिसेना, डोळ्यांना पाणी. त्यानंतर मला घोटभर कडक चहा मिळाला, सुका मेवा मिळाला, आणि बाळाच्या आईनं माझ्या मानेखाली स्वतःची शाल घडी करून ठेवली. पहाटे थांबे यायला लागले तेव्हा टॉर्चवाल्या बाई झोपलेल्यांना हलवून "अहो! अहो!" म्हणत उठवत होत्या. इथं आता लोकांना उठवायचा हाच शब्द झालाय.

हसून झालं असेल तर आता पुढचं वाचा.

मी ज्या आवाजात ओरडले तो आवाज माझ्या ओळखीचाच नव्हता. नंतर चहा पिताना मला कळलं की ही भीती कालची नाही. ती तुमच्या पहिल्या रात्रपाळीपासूनची आहे. ड्रायव्हरच्या घरात गाडीवर निघालेल्या माणसाला 'जपून जा' म्हणायचं नसतं, हे तुमच्या आईनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. म्हटलं की त्याच्या मनात शंका शिरते, म्हणायच्या. फक्त 'या' म्हणायचं. मी इतकी वर्षं 'या' म्हणत आले, आणि 'जपून' प्रत्येक वेळी गिळलं. मग दिवसा दुसऱ्यांची लेकरं झोपवली आणि रात्री स्वतः टक्क जागी राहिले. तुम्हाला कधी बोलले नाही.

आणि मग मला आठवलं की त्या दिवशी तुम्ही सॅकला काय म्हणालात. 'जपून जा' म्हणालात! तुम्ही! तुमच्या तोंडून हा शब्द आयुष्यात निघाला नव्हता. मी इतके दिवस समजत होते की तुम्ही हट्टी आहात, दुसऱ्याचं ड्रायव्हिंग तुमच्या पसंतीला उतरत नाही, मिजास आहे. मिजास नाही, अहो. तुम्हाला भीती वाटते. पुढं बसलेल्या माणसाला रात्री काय काय होऊ शकतं ते तुम्हाला आतून ठाऊक आहे, म्हणून मागं बसवत नाही.

मला राग यायला हवा की सांगितलं नाहीत. नाही आला. उलट हायसं वाटलं. आपण दोघं एकाच गोष्टीला घाबरत इतकी वर्षं एका घरात राहिलो, आणि एकमेकांना ताकास तूर लागू दिली नाही. केवढा हा चिवटपणा!

या ना. भीती जाईल म्हणून नाही. मला तर वाटतं ती जात नाही. पण शेजारी बसून घाबरू, एवढंच म्हणतेय.


बुधवार, संध्याकाळ
तेच अंगण

अहो,

लेकीकडून कळलं की तुम्ही काल रात्री जेवताना एक प्रश्न विचारलात. मला नाही, तिलाही नाही, आमटीच्या वाटीला विचारलात, की घाटात त्यानं गाडी गिअरवर उतरवली का ब्रेकवर. वाटीला ठाऊक नव्हतं म्हणून लेकीनं मला विचारलं.

गिअरवर. आवाज मी ऐकलाय. तुमच्यासारखाच, वळणाच्या अलीकडे एक गिअर खाली. ब्रेकला पाय फक्त लावायचा तेवढा लावत होता. समोरून मोठी गाडी आली की दिवे खाली करायचा, आणि ती गेली की हात वर करून तिला रामराम घालायचा. दुसरा ड्रायव्हर चालवायला बसला तेव्हा मी मुद्दाम जागी राहिले. तो जरा तरुण आहे, पण हात हलका आहे. तुम्ही त्याला नोकरीवर ठेवला असतात.

लेक यापुढं काहीच सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "आई, मी तुमच्या भांडणात पडणार नाही, मला पोस्टमन ठेवलंय तेवढं पुरे." तुमची बॅग पलंगावर आहे की माळ्यावर, एवढं तरी सांग म्हटलं, तर फोन ठेवला.

आज रात्री विमान आहे. आज मी दिवसभर वाळूत बसून होते. लाटा येतात जातात, छान आहे. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं एका पेल्यातून काहीतरी पीत होतं आणि कडाकडा भांडत होतं. मला त्यांचा इतका हेवा वाटला की उठून दुसरीकडे जाऊन बसले.

परवाची खोली मी पाहून आले. दोन खिडक्या आहेत. मालकीणबाईंनी विचारलं, बोटं दाखवून, एक का दोन? मी दोन बोटं दाखवली. आता तुम्ही माझी बोटं खोटी पाडायची की नाही ते बघा.


शुक्रवार, सकाळ
तुझ्या दाराबाहेर, पायरी

अगं,

हे लेकीकडे पाठवत नाही. दाराखालून सरकवतो. तू लिहितेस तसं मला लिहिता येत नाही, त्यामुळे हसू नकोस.

विमानाचं ठीक. मला त्यातलं काही कळत नाही.

बसला मी पण पुढची सीट घेतली. ड्रायव्हर मिशांचा नव्हता, एक बाई होती. सुटल्यापासून मी उजवा पाय दाबत होतो. माझ्यापुढं ब्रेक नव्हता, नुसता पत्रा. तिनं ओव्हरटेक केलं की मी पाय दाबायचो. घाट सुरू झाला तेव्हा पोटरीत गोळा आला. मी तिचा एकेक गिअर मनात टाकत होतो. तिचं काही चुकत नव्हतं. तेच जास्त वाईट, कारण चुकलं असतं तर मला उतरता आलं असतं.

तू लिहिलंस ते बरोबर आहे. मला भीती वाटते. चालवताना कधी वाटली नाही. हातात चाक असलं की सगळं दिसतं आणि दिसलं की पुरतं. बाजूला बसलो की नुसतं दिसतं. हे मी कुणाला सांगणार? ड्रायव्हर गाडीला घाबरतो म्हटलं तर डेपोत लोकांनी टोपी उडवली असती.

थांब्यावर एक बाई लेकराला घेऊन चढली. लेकराला गाडी लागत होती, पुढची सीट पाहिजे होती. ती कुणाकडे मागावी ते बघत होती. मी उठलो. आयुष्यभर गाडी लागणाऱ्या लेकरांना मीच पुढं बोलावून घेतलंय, मग बसून कसा राहणार? उरलेली एकच जागा मधल्या रांगेत होती. तिथून रस्ता दिसत नाही. समोर एका माणसाचं टक्कल दिसतं.

मी दांडी धरून बसलो. वळण कळायचं ते पोटात. मग आजूबाजूला पाहिलं. सगळे झोपलेले. तोंडं उघडी, पाय दुसऱ्याच्या अंगावर. एक म्हातारा तर चपला काढून, पोटावर हात ठेवून, घरच्यासारखा. पुढं कोण चालवतंय हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मला वाटायचं लोक दमलेले असतात म्हणून झोपतात. माझ्या मागेही इतकी वर्षं हीच माणसं होती. आरशात मला फक्त अंधार दिसायचा, त्यामुळे मला वाटायचं की मी सामान वाहतोय. ते माझ्या भरवशावर असे मोकळे झोपलेले असायचे, हे मला कुणी सांगितलंच नाही. एकदा तरी मागं येऊन बघायला हवं होतं.

टकलाकडे बघत मी रडलो. टकलाला काही कळलं नाही.

त्यानंतरचं मला आठवत नाही. ड्रायव्हर बाईनं दंडाला हात लावून उठवलं तेव्हा उजाडलं होतं आणि गाडी रिकामी होती. मी झोपलो होतो गं. घाटात, रात्री, दुसऱ्याच्या गाडीत. मी तिला दोन्ही हात जोडले. तिनंही जोडले.

दार उघडायची घाई करू नकोस, पायरीवर ऊन बरं आहे. येताना स्टँडवरच थांबून परतीची तिकिटं काढून आलोय. खिडकीतली बाई पुढच्या दोन जागा देत होती. मी नको म्हटलं. दोन्ही मधल्या रांगेतल्या घेतल्या.